गिटारचा श्रीगणेशा

नवें वाद्य घरांत येतें तो दिवस सणासारखा असतो. खोक्यांतून गिटार बाहेर निघते, तिच्या गुळगुळीत तबलीवरून घरांतील लहानथोरांचे हात फिरतात, कोणी एखादी तार छेडून पाहतो, आणि सहाहि तारा एकदम झणकारल्या कीं सर्वांच्या तोंडून 'वाः!' असा उद्गार निघतो. त्यानंतर तीन आठवड्यांनीं त्याच घरीं जावें, तों तीच गिटार कपाटावर आडवी पडलेली किंवा दाराआड उभी करून ठेवलेली दिसते. कारण विचारलें तर उत्तरें ठरलेलीं असतात. "बोटें फार दुखतात." "वेळ मिळत नाहीं." आणि शेवटीं, जरा खालच्या आवाजांत, "आमच्या हातांत ती कलाच नाहीं!"

या तीन उत्तरांपैकीं पहिलीं दोन म्हणजे तक्रारी आहेत. तिसरें उत्तर मात्र निवाडा आहे. माणूस तो स्वतःविरुद्ध देतो, आणि बहुधा पुरावा न तपासतांच देतो. एकदां दिलेला हा निवाडा मग तो सहसा फिरवीत नाहीं. संगीत हें दुसऱ्यांनीं करावयाचें आणि आपण ऐकावयाचें, अशी त्याची जन्माची समजूत होऊन बसते. वस्तुतः गिटार शिकूं लागणाऱ्याच्या वाटेंत पहिल्या दोन-तीन महिन्यांत ज्या अडचणी येतात त्या जवळजवळ सगळ्या कातडीच्या, लांकडाच्या आणि तारेच्या असतात. प्रतिभेचा प्रश्न त्यानंतर फार उशिरां उपस्थित होतो. म्हणून त्या अडचणी कोणत्या, त्यांचें मूळ कशांत आहे आणि त्यांतून वाट कशी निघते, हें पाहणें अगत्याचें आहे.

प्रथम एका मुलीची हकीकत. अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलायना राज्यांत, चॅपेल हिल या गांवाजवळ, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांत एलिझाबेथ नेव्हिल्स हिचा जन्म झाला. पुढें लग्नानंतरच्या एलिझाबेथ कॉटन या नांवानें ती जगाला माहीत झाली. थोरला भाऊ कामावर गेला कीं ही मुलगी त्याचा बँजो चोरून वाजवी. ती डावखुरी होती आणि वाद्य उजव्या हाताच्या माणसाचें. तारा बदलून घ्याव्यात तर भावाला चोरी कळणार. शिकविणारें तर कोणीच नाहीं. तेव्हां तिनें सरळ वाद्यच उलटें धरलें. पुढें शाळा सोडून लोकांच्या घरीं कामाला लागल्यावर मजुरींतून सांठविलेल्या पैशांत तिनें पावणेचार डॉलरची एक गिटार विकत घेतली, आणि तीहि तशीच उलटी धरून वाजवूं लागली. ज्या जाड तारा इतरांच्या अंगठ्याखालीं येतात त्या तिच्या बोटांखालीं आल्या, आणि बारीक तारांवरील चाल अंगठ्याच्या वांट्यास गेली. घराजवळून जाणाऱ्या आगगाडीचा खडखडाट ऐकत वाढलेल्या या मुलीनें बालपणींच 'फ्रेट ट्रेन' म्हणजे 'मालगाडी' हें गाणें रचलें. आज जगभर गिटार शिकणारे हें गाणें बसवितात. आणि वाद्य उलटें धरण्याच्या अडचणींतून निघालेली तिची वादनपद्धति तिच्याच नांवानें ओळखली जाते.

या हकीकतीचें तात्पर्य सर्वांनीं गिटार उलटी धरावी असें अर्थातच नव्हे. हाताला घडण्यास अवधि दिला तर तो आपली वाट शोधून काढतो, एवढेंच यांतून घ्यावयाचें. मात्र त्याला एक अट आहे. ती म्हणजे हातांतील वाद्यानेंहि त्या हाताला साद दिली पाहिजे. म्हणून शिकणाऱ्याची परीक्षा घेण्यापूर्वीं वाद्याची परीक्षा घेणें न्यायाचें ठरेल.

'नाचतां येईना अंगण वांकडें' अशी आपल्याकडे म्हण आहे. हत्याराला नांवें ठेवणाऱ्याची ती थट्टा करते, आणि बहुतेक ठिकाणीं ती योग्यच असते. परंतु स्वस्त गिटारच्या बाबतींत अंगण खरोखरच वांकडें असण्याचा संभव फार! पोलादी तारांच्या गिटारवर वाजणाऱ्या तारेची लांबी सुमारें ६५ सेंटिमीटर असते, आणि सहा तारांचा मिळून ताण साधारणतः ७० किलोच्या घरांत जातो. म्हणजे एक प्रौढ माणूस त्या पातळ लांकडी पेटीला अष्टौप्रहर लोंबकळत असावा, तसा हा प्रकार आहे. या ओढीनें दांडी किंचित् पुढें वांकते, तबली घोडीपाशीं थोडी फुगते, आणि तारा पडद्यांपासून वर उचलल्या जातात. बाराव्या पडद्यावर सर्वांत जाड तारेची उंची अडीच मिलिमीटरच्या आसपास आणि सर्वांत बारीक तारेची दोन मिलिमीटरच्या आंत असावी. हीच उंची चार मिलिमीटर झाली कीं तार दाबण्यास लागणारें बळ पुष्कळ वाढतें, आणि नवशिक्याचीं कोंवळीं बोटें दहा मिनिटांत हार खातात. वाद्यें दुरुस्त करणारा कारागीर घोडीवरची पांढरी पट्टी बेतानें घासून आणि दांडीच्या आंतील लोखंडी सळई पिळून हा दोष थोडक्या वेळांत व थोडक्या खर्चांत दूर करूं शकतो. नवी गिटार घेतांना तिच्या रंगाकडे आणि नक्षीकडे पाहण्यांत जो वेळ जातो, त्यांतील पांच मिनिटें बाराव्या पडद्याकडे पाहण्यांत घालविलीं तर पुढचे पुष्कळ क्लेश वांचतील.

गिटारची मुख्यतः दोन घराणीं आहेत असें म्हटलें तरी चालेल. एक स्पेनचें. तेथील आंतोनिओ दे तोरेस या कारागिरानें (१८१७–१८९२) पेटीचा आकार वाढवून आणि तबलीच्या आंत पंख्याच्या काड्यांसारख्या पट्ट्या बसवून आजच्या अभिजात गिटारला रूप दिलें. तिच्यावर पूर्वीं आंतड्याच्या तारा असत. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांची जागा नायलॉननें घेतली. दुसरें घराणें अमेरिकेचें. जर्मनींतील सॅक्सनी प्रांतांतून १८३३ सालीं न्यूयॉर्कला गेलेल्या मार्टिन नांवाच्या कारागिरानें व त्याच्या वंशजांनीं तें वाढविलें. त्यांच्या तबलीखालीं पट्ट्यांची फुलीसारखी बांधणी असे. तिच्या बळावर पुढें विसाव्या शतकांत पोलादी तारांचा ताण पेलतां आला. नायलॉनच्या तारा बोटांना मऊ लागतात आणि त्यांचा ताणहि बराच कमी असतो; मात्र त्या गिटारची दांडी रुंद, त्यामुळें लहान हाताला ती जड जाते. पोलादी तारांची दांडी अरुंद, आवाज खणखणीत, पण तार बोचरी. शिकणाऱ्यानें आपल्याला कोणत्या प्रकारचें गाणें वाजवावयाचें आहे हें पाहून निवड करावी. वाढत्या वयाच्या मुलांसाठीं लहान मापाच्याहि गिटारी मिळतात. मोठ्या गिटारला मिठी मारतांना ज्या मुलाचा खांदा कानाला लागतो, त्याच्या हातून स्वर काय निघणार?

येथें एक घोटाळा दूर करणें इष्ट आहे. आपल्याकडे ब्रिजभूषण काब्रांसारख्या थोर वादकांनीं हिंदुस्थानी रागसंगीतासाठीं गिटार मांडीवर आडवी घेऊन, तारांवरून पोलादी कांडी सरकवीत वाजविली. १९६७ सालच्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेंत शिवकुमार शर्मांचें संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बांसरी यांच्या जोडीला काब्रांची हीच गिटार आहे. मींड आणि गमक यांना ती अनुकूल आहे. गोव्यांतील घरांतून मांडोच्या साथीला किंवा चित्रपटगीतांत ताल धरून जी गिटार ऐकूं येते ती निराळी. तिच्यांत बोटानें तार पडद्यावर दाबावी लागते. येथें विचार चालला आहे तो या दुसऱ्या प्रकाराचा.

आपल्या हवेनेंहि या वाद्याला जपून वागवावें लागतें. गिटारच्या लांकडाला हवेंतील आर्द्रता मध्यम, म्हणजे शेंकडा पन्नासच्या आसपास, असलेली मानवते. मुंबईत किंवा कोंकणांत पावसाळ्यांत ती ऐंशीच्याहि पुढें जाते. लांकूड पाणी पितें, तबली फुगते आणि तारा वर चढतात. उन्हाळ्यांत सोलापूर-नागपूरकडील कोरड्या हवेंत तेंच लांकूड आटतें आणि कधीं कधीं चिरतेंहि. म्हणून जूनमध्यें सोपी वाटणारी गिटार ऑगस्टमध्यें एकाएकीं जड वाटूं लागली, तर शिकणाऱ्यानें आपली प्रगति खुंटली असें समजूं नये. दोष पावसाचा असूं शकेल. गिटार उन्हांत किंवा बंद मोटारींत ठेवूं नये, वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्यानें पुसाव्या, आणि समुद्राकाठच्या गांवीं तारा लवकर गंजतात हें ध्यानांत ठेवून त्या वेळच्यावेळीं बदलाव्या. गंजलेली तार बोटाला कानशीसारखी घासते.

वाद्य असें नीट झालें कीं प्रश्न येतो तें मिळविण्याचा. गिटारच्या सहा तारांना जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी, बी, ई अशीं पाश्चात्य स्वरनामें आहेत. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर कोणत्याहि तारेला षड्ज मानलें असतां तिच्या शेजारची बारीक तार शुद्ध मध्यमावर लागते. अपवाद एकच, बारीककडून मोजलेल्या तिसऱ्या तारेला षड्ज धरल्यास दुसरी तार शुद्ध गांधारावर येते. म्हणूनच जाड तार पांचव्या पडद्यावर दाबली कीं शेजारच्या मोकळ्या तारेचा स्वर निघतो, आणि फक्त त्या तिसऱ्या तारेवर तो चौथ्या पडद्यावर मिळतो. आज मोबाइलवरील साधनानें तारा क्षणांत जुळवितां येतात, आणि नवशिक्यानें त्याचा उपयोग अवश्य करावा. पण दोन महिने गेल्यावर आधीं कानानें तारा मिळवाव्या आणि मग यंत्राकडून ताडा घ्यावा. कानाला हें शिक्षण दुसऱ्या कोणत्याहि मार्गानें इतक्या स्वस्तांत मिळत नाहीं.

तंबोऱ्यावर ज्याचा कान तयार झाला आहे अशा शिकणाऱ्याला गिटारचा गांधार किंचित् चढा वाटेल. तो त्याच्या कानाचा दोष नाहीं. गिटारचे पडदे सप्तकाचे बारा अगदीं सारखे भाग करून बसविलेले असतात, त्यामुळें तिचा गांधार तंबोऱ्यांत उमटणाऱ्या स्वयंभू गांधाराहून थोडा वर बसतो. पेटीचीहि गोष्ट अशीच आहे. १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें हार्मोनियमवर बंदी घातली, त्या वेळीं या वाद्यावर जे आक्षेप घेतले जात त्यांतील हा एक होता. ही एक तडजोड आहे. तिच्या मोबदल्यांत वाटेल त्या पट्टींत स्वरमेळ वाजविण्याची सोय मिळते. तडजोड आहे हें ठाऊक असलें म्हणजे शिकणारा खुंटी उगाच पिळीत बसत नाहीं.

आतां डाव्या हाताकडे वळावें. बोटांचीं टोकें दुखणें हें अटळ आहे. पोलादी तार कोंवळ्या कातडीवर दाबली कीं वण उठणारच. परंतु ही वेदना मुदतीची असते. रोज थोडें थोडें वाजविलें तर दोन ते चार आठवड्यांत बोटांच्या टोकांची कातडी घट्ट होते आणि वेदना ओसरते. यांत गोम एवढीच कीं कातडी रोजच्या थोड्या घासण्यानें घट्ट होते. रविवारीं तीन तास आणि मग आठवडाभर कांहीं नाहीं, अशा पद्धतीनें ती घट्ट होत नाहीं, फक्त फोड येतात. स्नान करून आल्याबरोबर वाजवूं नये, कारण भिजलेली कातडी मऊ पडलेली असते. आणि एक भेद नीट ओळखावा. बोटाच्या टोकावरचें दुखणें हें शिकण्याचें दुखणें आहे. मनगट, अंगठ्याचें मूळ किंवा कोपर दुखूं लागलें तर तें चुकीच्या बैठकीचें दुखणें आहे. पहिलें सोसावें, दुसरें होतांच वाद्य खालीं ठेवावें.

बहुतेक नवशिके गरजेपेक्षां फार जोरानें तार दाबतात. तार किती दाबावी हें प्रत्येकाला स्वतः शोधतां येतें. बोट तारेवर नुसतें टेकवून उजव्या हातानें ती छेडावी. आवाज निघणार नाहीं. मग हळूहळू दाब वाढवीत जावा. प्रथम खरखर येते आणि एका ठिकाणीं स्वर स्वच्छ निघतो. तेवढाच दाब पुरे. त्यापुढील सारें बळ वायां जातें. बोट पडद्याच्या अगदीं लगत, किंचित् मागें ठेवलें तर हा दाब सर्वांत कमी लागतो. दोन पडद्यांच्या मधोमध ठेवलें तर तो वाढतो आणि स्वरहि खरखरतो. सतार वाजविणाऱ्यांना हें निराळें सांगावें लागत नाहीं.

पाश्चात्य गाण्याची साथ स्वरमेळांवर, म्हणजे कॉर्डवर, उभी असते. आपलें संगीत एका स्वरामागून दुसरा स्वर असें चालत जातें. तेथें तीन-चार स्वर एकदम उभे राहतात. षड्ज, शुद्ध गांधार आणि पंचम मिळून जो स्वरमेळ होतो तो 'मेजर'. त्यांतील गांधार कोमल केला कीं तो 'मायनर'. पहिल्यानें ई मायनर घ्यावा. त्याला दोनच बोटें लागतात, पांचव्या व चौथ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर. मग ए मायनर, सी, जी आणि डी. एवढ्या पांच स्वरमेळांत शेंकडों साध्या गाण्यांची साथ होऊं शकते.

पण खरी अडचण स्वरमेळ धरण्यांत नसते. ती एकावरून दुसऱ्यावर जाण्यांत असते. तेथेंच शिकणाऱ्याचा धीर सुटतो. बोटें वर उडतात, हवेंत गोंधळतात, एकेक करून खालीं येतात, आणि तोंवर गाणें पुढें निघून गेलेलें असतें. यावर उपाय असा कीं कोणतें बोट हलवावयाचें नाहीं हें आधीं पाहावें. सी वरून ए मायनरला जातांना पहिलें आणि दुसरें बोट आहे तेथेंच राहतें. फक्त तिसरें बोट पांचव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावरून निघून तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर येतें. ई मेजरवरून ए मायनरला जातांना तिन्ही बोटें आपला आकार न मोडतां एकेक तार खालीं सरकतात. असे दोन-दोन स्वरमेळ घेऊन, घड्याळ समोर ठेवून, एका मिनिटांत किती वेळां स्वच्छ बदल होतो तें मोजावें आणि तो आंकडा रोज वहींत टिपावा. पहिल्या दिवशीं तो आठ असेल, महिन्यानें तीस होईल. 'आपल्याला कांहींच येत नाहीं' या भावनेवर या वहीसारखें औषध नाहीं; कारण भावना खोटें बोलूं शकते, पण आपल्याच हातानें लिहिलेले आंकडे डोळ्यांसमोर असतात.

उजव्या हाताचें काम लयीचें. त्यानें घड्याळाच्या लंबकाप्रमाणें खालीं-वर, खालीं-वर चालत राहिलें पाहिजे, मग तारांना स्पर्श होवो वा न होवो. नवशिका नेमका येथें चुकतो. डाव्या हाताला स्वरमेळ सांपडेना कीं तो उजवा हात थांबवितो. म्हणजे पखवाज्यानें गवयासाठीं ठेका थांबविण्यासारखें झालें! आपल्याकडे सम चुकली तर जाणता श्रोता मान खालीं घालतो. एखादा स्वर निसटला तर तो क्षमा करतो. तोच न्याय येथें लावावा. डावा हात मागें राहिला तर राहूं द्यावा, चुकीच्या किंवा मोकळ्या तारा वाजल्या तरी वाजूं द्याव्या, पण लय मोडूं नये. लय इतकी विलंबित धरावी कीं डाव्या हाताला वेळेवर पोंचतां येईल. जलद आणि अडखळत वाजविण्यापेक्षां सावकाश आणि सलग वाजविणें हेंच खरें वाजविणें.

पहिला महिना संपतां संपतां 'एफ' नांवाचा डोंगर समोर उभा राहतो. त्यांत पहिल्या बोटानें पहिल्या पडद्यावर सहाहि तारा एकदम दाबावयाच्या असतात. किती गिटारी या एका स्वरमेळापायीं कपाटावर गेल्या असतील, त्याची गणती नाहीं. हा इतका कठीण कां, याचेंहि कारण लांकडांतच आहे. दांडीच्या वरच्या टोकाला जी आडवी पट्टी असते तिच्यावरून तारा निघतात. पहिला पडदा तिला अगदीं लागून असल्यानें तेथें तार दाबण्यास सर्वांत अधिक बळ लागतें. तोच आकार पांचव्या पडद्यावर धरून पाहिला तर पुष्कळ सोपा जातो. म्हणून आधीं तेथें सराव करावा आणि रोज एकेक पडदा खालीं उतरत यावें. तोंवर बारीक चार तारांपुरताच छोटा एफ वाजविला तरी गाणें अडत नाहीं. शिवाय कॅपो नांवाचा एक चिमटा मिळतो. तो दांडीवर लावला कीं सर्व तारा त्या पडद्यापासून सुरू होतात. काळी एकमध्यें गाणाऱ्याला साथ करावयाची झाल्यास हा चिमटा पहिल्या पडद्यावर लावून सीचा साधा आकार वाजविला कीं काम भागतें. कांहीं लोक याला कमीपणा समजतात. तो निव्वळ भ्रम आहे. पेटीवाला गायकाच्या पट्टीप्रमाणें स्वर बदलतो, तेव्हां त्याला कोणी हंसत नाहीं.

सरावाचा वेळ किती असावा? सकाळीं वीस मिनिटें आणि संध्याकाळीं वीस मिनिटें, ही सुरुवातीला पुरेशी बेगमी आहे. त्यांतील पांच मिनिटें तारा मिळविण्यांत, दहा मिनिटें स्वरमेळांच्या बदलांत, आणि उरलेलीं एखाद्या आवडत्या गाण्यांत जावीं. गाणें नसलेला सराव म्हणजे मीठ नसलेलें जेवण. पोट भरतें, पण दुसऱ्या दिवशीं भूक लागत नाहीं. गिटार खोक्यांत बंद करून ठेवूं नये. येतां-जातां हात पडेल अशी ठेवावी. आज शिकविणाऱ्या चित्रफितींचा महापूर आहे, आणि त्यांतील पुष्कळ उत्तमहि आहेत. परंतु रोज नव्या शिक्षकाकडे धांवणारा विद्यार्थी कोणाकडूनच शिकत नाहीं. एक क्रम घ्यावा आणि तो तडीस न्यावा. शिवाय चित्रफितींतील शिक्षकाला विद्यार्थ्याचें मनगट दिसत नाहीं. म्हणून महिन्यांतून एकदां कां होईना, एखाद्या जाणत्या वादकासमोर बसून आपले हात त्याला दाखवावे. दोन मिनिटांत तो जी चूक काढील, ती स्वतःच्या लक्षांत येण्यास दोन वर्षें लागलीं असतीं.

आतां त्या डावखुऱ्या मुलीची राहिलेली हकीकत. लग्नानंतर तिच्या चर्चमधील मंडळींनीं तिला ऐहिक गाणीं वाजवूं नयेत असें सांगितलें. संसार, मूल आणि लोकांच्या घरचीं कामें यांत गिटार सुटली ती सुटलीच. एखाददुसऱ्या आठवड्यासाठीं नव्हे, कित्येक दशकें! पुढें वॉशिंग्टन येथील एका मोठ्या दुकानांत ती नोकरीला असतां तिला एक हरवलेली लहान मुलगी सांपडली. त्या मुलीला तिनें तिच्या आईकडे पोंचविलें. ती आई म्हणजे संगीतरचनाकार रूथ क्रॉफर्ड सीगर. या ओळखींतून एलिझाबेथला त्या कुटुंबांत घरकाम मिळालें. तें घर लोकसंगीतानें भरलेलें होतें, आणि तेथें एक गिटार होती. एके दिवशीं घरांतल्या मुलांनीं पाहिलें कीं आपल्याकडे स्वयंपाकपाणी करणारी बाई ती गिटार उलटी धरून वाजवीत आहे. इतक्या वर्षांनीं हात जड झाले होते, गाणीं अर्धींमुर्धीं विसरलीं होतीं. तीं तिनें एकेक करून परत मिळविलीं. घरांतला मुलगा माइक सीगर यानें तिचें वादन मुद्रित केलें आणि १९५८ सालीं फोकवेज या संस्थेनें तिची पहिली ध्वनिमुद्रिका काढली. तेव्हां तिनें साठी ओलांडली होती. त्यानंतर ती पुष्कळ वर्षें मैफली करीत हिंडली, आणि नव्वदीच्या सुमारास तिला ग्रॅमी पारितोषिक मिळालें.

त्याच काळांत स्पेनमध्यें आंद्रेस सेगोव्हिया हा दुसरा स्वयंशिक्षित वादक वाढला. १८९३ सालीं जन्मलेल्या या मुलानें गिटार बहुतांशीं स्वतःच शिकून १९०९ सालीं ग्रानाडा शहरीं पहिली मैफल केली, आणि जें वाद्य अनेकांना मैफलीला अयोग्य वाटे तें त्यानें जगांतील मोठमोठ्या सभागृहांत नेऊन बसविलें. एक राजेरजवाड्यांसमोर वाजविणारा, दुसरी आयुष्याचा मोठा भाग भांडीं घासणारी. दोघांचेंहि निधन १९८७ च्या जून महिन्यांत झालें, आणि अखेरच्या वर्षांपर्यंत गिटारनें दोघांचीहि सोबत सोडली नव्हती.

एकाच्या सोबतींत खंड पडला नाहीं. दुसरीच्या सोबतींत मध्यें कित्येक दशकांचा खंड पडला. पण कपाटावर ठेवलेल्या गिटारकडे पाहून जो कोणी आज सुस्कारा सोडतो, त्याला सेगोव्हियाच्या अखंड साधनेपेक्षां एलिझाबेथचा तो खंडच अधिक धीर देईल. तीन आठवड्यांची धूळ ती काय! फडकें घेऊन ती पुसावी, बाराव्या पडद्यावरील तारांची उंची पाहावी, तारा मिळवाव्या, आणि दोन बोटें पांचव्या व चौथ्या तारेवर ठेवावीं. स्वर खरखरेल, बोट किंचित् पुढें, पडद्यालगत सरकवावें. आतां तो स्वच्छ निघेल. स्वतःविरुद्ध दिलेल्या त्या निवाड्यावरील अपील येथूनच सुरू होतें.